सव्वा मूठ परक्याची

कौतिक आबांनी श्रावणात कानबाई देवीच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायला घेतले आणि हाताच्या सवयीने तेवीस पुरुषांचे मोजून टाकले. दर पुरुषामागे सव्वा मूठ. मोजून झाल्यावर मान वर केली, तर अंगणात चिटपाखरू नव्हतं. जळगावात डाळमिलच्या मागे त्यांच्या भाऊबंदांची अकरा घरं, त्यातल्या दहांना कुलपं. अकराव्यात आबा एकटे. त्यांची बायको सुगंधाबाई ज्येष्ठ महिन्यात घर सोडून गेली. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, तेजोदादाच्या आश्रमात. बाकीचे सगळे तिच्या आधीच गेले होते.

मोजलेले गहू परत काढत नाहीत. रोटाचा तुकडा भाऊबंदांबाहेर जात नाही, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच तो संपवायचा. तेवीस जणांचा रोट एका म्हाताऱ्याने खायचा म्हणजे काय थट्टा आहे? आबांनीच पीठ मळलं, आबांनीच भाजलं, आरतीही एकट्यानेच म्हटली. पौर्णिमेच्या आत सुगंधाला घरी आणायचं, एवढं मात्र त्यांनी देवीसमोर ठरवून टाकलं. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

खरं सांगायचं तर ही आग आबांनीच घरात घेतली होती.

तरुणपणी ते नूर महंमद शेठच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. भडगावपासून चोपड्यापर्यंत कुठल्याही जत्रेत भुताचा सिनेमा लावला की तंबू खच्चून भरायचा. भूत दारात उभं राही, आत या म्हटल्याशिवाय त्याला येता येत नसे, आणि घरातला बावळट हमखास दार उघडायचा. पब्लिक ओरडायचं, "उघाडू नको रे!" दिवसाला तीन खेळ बघणारे आबा मशीनमागे बसून त्या बावळटाला हसायचे. पण सिनेमातलं भूत दिसायला भयंकर असतं, तिथेच सिनेमा फसवतो. तेजोदादा तर चोपून भांग पाडून आला आणि वाकून पाया पडला.

या वस्तीतल्या माणसाला बँकेत, दवाखान्यात, शाळेत कुणी कधी 'अहो' म्हटलेलं नव्हतं. पोती वाहणारी, डाळ पाखडणारी माणसं. गावाने कायम खालच्या अंगाला ठेवलेली. दादाने हमालाला 'साहेब' म्हटलं, भांडी घासणारीला 'आईसाहेब'. "जगाने तुम्हाला लाथाडलं, कारण तुम्ही निवडलेले आहात," असं तो म्हणाला तेव्हा धट्टीकट्टी माणसं हमसून रडली. आबाही रडले. साठ वर्षं पोटात दाबलेला अपमान कुणीतरी बरोबर ओळखला होता. कसायालाही जनावराची नस बरोबर सापडतेच की.

तीन वर्षांपूर्वी रोटाच्या दिवशी दादा याच अंगणात बसला होता. "आबा, मला भाऊबंद नाहीत," एवढंच बोलला. वडीलधारे म्हणून गहू आबांच्याच हातून पडतात. आबांचं काळीज पाघळलं. "तू भी आमना घरनाच शे," म्हणत त्यांनी सव्वा मूठ जास्त टाकली. झालं! ज्याचे गहू मोजले तो भाऊबंद, आणि भाऊबंदाला घराबाहेर हो असं कोण म्हणणार? आधी तो स्वयंपाकघरापर्यंत आला. मग कुणाचं लग्न कुठे करायचं ते सांगू लागला. मग दवाखाने बंद, मग घरातल्या कानबाईही बंद. शेवटी दाराला कुलपं लावून माणसं त्याच्या गाडीत बसली. आबांनी त्याआधीच शंका काढली होती, तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणी कुणी पिईना. वर्षभर सुगंधाबाई नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, पण पाणवठ्यावर कुणी बोलेना, हळदीकुंकवाला कुणी बोलवेना. ती गेली ती दादासाठी नाही, माणसांसाठी गेली. आबांना हे कळत होतं, म्हणून तिच्यावर रागही धरता येत नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे ते उपाशीपोटीच एसटीत बसले. मांडीवर रोटाचं गाठोडं. आश्रमाच्या फाटकापाशी तासभर उभं ठेवल्यावर सुगंधाबाई आली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, पण चेहरा तोच. आबांनी गाठोडं पुढे केलं.

"चाल वं घर. इतला रोट मी एकला कसा खासू?"

"ते आता आम्हाला चालत नाही," ती म्हणाली. शाळेच्या पुस्तकातल्यासारखं, स्वच्छ. घरात अशी ती कधी बोललीच नव्हती. आबांनी घराचं सांगितलं, गळकं छप्पर सांगितलं, मला करमत नाही असंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. ती ऐकत राहिली. मग अचानक तिचा आवाज जुना झाला.

"जेवनात का?"

आबा एक पाऊल पुढे सरकले. ही आहे, अजून आत आहे! आता रागावेल, हात धरेल, चार शिव्या घालेल, म्हणून ते मुद्दामच म्हणाले, "हा, जेवनू."

छत्तीस वर्षं संसार केला, पण उपाशी असून जेवलो म्हणायचं त्यांचं खोटं तिच्यापुढे एकदाही खपलं नव्हतं. नुसतं तोंड बघून ताट वाढायची ती.

"बरं झालं," सुगंधाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.