शिंगाची मूठ

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची विळी सुटली. जमिनीवर बसता येईना, उजव्या हाताची बोटं पुरती मिटेनात. तिला हवं होतं ते एवढंच: घरची भाजी आपण चिरायची. लोअर परळच्या मॉलमध्ये जाऊन मी सगळ्या सुऱ्या हाताळल्या. बारीक, गुळगुळीत, धडधाकटांसाठी केलेल्या. संताप आला. पण अपंगांच्या हक्कांवर ढीगभर पत्रकं लिहिणाऱ्या मी तरी, आईची मूठ किती मिटते हे कधी पाहिलं होतं?

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. पूर्वी म्हशीच्या शिंगाच्या फण्या करायचे. त्यांनी आईला कणकेचा गोळा दाबायला दिला, ठसा निरखला. "जाड मूठ लागेल. शिंगाची करू. हाताला गार लागत नाही."

एका शिंगाच्या दोन फाकी त्यांनी उकळून मऊ केल्या. खोलीभर वाफ. त्यातच एक फाक उजेडाकडे धरली, तर काळ्यात मधाच्या रंगाचा ढग तरंगत होता. मग लोखंडी पट्ट्यांत दोन्ही सपाट दाबून त्यांनी स्क्रू आवळले.

"आठ दिवस हात लावायचा नाही, पोरी. शिंगाला आपला बाक आठवत असतो."

मला कुठला दम! तिसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर मी फाकी काढल्या, घासल्या, त्यांनी काढून ठेवलेल्या पात्याला रिव्हेटनं ठोकल्या आणि सुरी आईच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत फाकी वाकून पात्यापासून सुटल्या. फटीत तिच्या तळहाताची कातडी चिमटली. ती ओरडली नाही. तिथं तिला कळतच नव्हतं. रक्त मला दिसलं.

"झाल्या का मागण्या मान्य?" आजोबा म्हणाले. "आता अजून एकदाच उकळता येईल. मग तडकेल."

त्यांनी फाकी पुन्हा उकळून आवळल्या. ते आठ दिवस मी दुपारी त्या पट्ट्यांशेजारी नुसती बसायचे. समोरच्या टॉवरच्या काचेवरून उसना उजेड यायचा, शिंगाच्या भुशावर पडायचा, सरकत सरकत माझ्या पायांवर यायचा. वाटायचं, आत ते शिंग हळूहळू विसरतंय. गोठा, डबकं, पाण्यात बुडून बसलेली एखादी लांबच लांब दुपार. माझेही डोळे जड व्हायचे.

वर गेले की आई तिच्या मालवणीत विचारायची, "शिंग सुटला काय गो?"

"नाही अजून."

"मगे कित्याक इलंस?" मग आलीस तरी कशाला, असा तिचा सूर.

नवव्या दिवशी स्क्रू ढिले केले. फाकी सपाटच राहिल्या. वाळलेला कणकेचा गोळा समोर ठेवून आजोबांनी कानशीनं त्यांना आकार दिला, पात्याला बसवलं. मी राख आणि तेल लावून घासत राहिले, तो ढग वर येईपर्यंत.

आईनं टेबलाशी बसून दुधी चिरला. फोडी ओबडधोबड, एक अंगठ्याएवढी, एक कागदासारखी.

"विळयेची सर नाय," ती म्हणाली.

मी सुरी घ्यायला हात पुढे केला.

"हात काढ," ती म्हणाली, आणि दुधीचा उरलेला अर्धा भाग पुढ्यात ओढला.