मांजराचं पान

बोईसरच्या बाजारात जवळच्याच माहीम गावच्या एका मावशींकडून मी दर रविवारी सुके बोंबील घ्यायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मध्यंतरी त्यांना रद्दीत बोलक्या प्राण्यांच्या गोष्टींची जुनी पुस्तकमाला मिळाली, आणि बोंबलांच्या पुडीतून कोल्हा, कासव, बगळा आमच्या घरी येऊ लागले. माझी मुलगी नाक दाबून ती पानं वाचायची. इतका निष्ठावान वाचक कुठल्या लेखकाला लाभला असेल?

एका गोष्टीचा शेवट मात्र येईना. तळ्यातल्या माशांनी बोक्याविरुद्ध सभा भरवली होती, आणि पुढचं पानच नव्हतं. मुलगी माझ्यावर रुसली. शेवटी मी मावशींना विचारलं, तेव्हा त्यांनी बसायच्या पाटाखालून पानांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पानावर मांजराचं चित्र.

"यात नाय बांधत," त्या म्हणाल्या. "मांजराच्या तोंडात म्हावरा देऊ काय?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मी शेवटचं पान शोधून मोठ्यानं वाचून दाखवलं. बोक्याला पश्चात्ताप होतो आणि तो जन्मभर मासा न खाण्याची शपथ घेतो.

"बघा मावशी, आता बांधायला हरकत नाही."

"बोका बोलतो तर चांगला हाय," म्हणत त्यांनी खरंच त्या पानात बोंबील बांधले. शिकल्यासवरल्या माणसाच्या शब्दाला अजून मान आहे, असं मला वाटून गेलं.

मग त्यांनी आणखी एक पान निवडून पुडीवरून घट्ट गुंडाळलं. त्यावर कुत्रा होता.