बर्फात ‘बघू’ चालत नाही

केदार मार्चमध्ये कायमचा पुण्याला परतणार हे कळलं आणि आमची दोन वर्षं रखडलेली ऑस्ट्रियाची सहल एका संध्याकाळात ठरली. केदार म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मंदारचा, कॉलेजपासूनचा ट्रेकमित्र. नोकरी आमच्यासारखीच नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला; जीव सह्याद्रीत. बर्फातलं एक तरी शिखर चढून जायचं ही त्याची फार जुनी इच्छा. दोनदा बुकिंग केलं, दोन्ही वेळा लॉकडाऊनने पाणी फिरवलं. २०२२च्या फेब्रुवारीत मात्र सीमा उघड्या होत्या आणि फोनमध्ये लसीचे क्यूआर कोड होते.

माझी एकच अट होती: हिमस्खलनाचा कोर्स केल्याशिवाय मी येणार नाही. दुरून डोंगर साजरे, आणि पांढरे डोंगर तर फारच साजरे. कोर्सचा पहिला भाग ऑनलाइन झाला. समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या आपल्या घरात बसून एक उंच डच बाई आम्हाला बर्फ कसा कोसळतो ते शिकवत होत्या! ओरडल्याने कडा कोसळतो हे सिनेमातलं, म्हणाल्या. तो कोसळतो तुमच्या वजनाने. साधारण तीस अंशांहून तीव्र उतार आणि वाऱ्याने आणून टाकलेला ताजा बर्फ दिसला की सावध व्हायचं. आणि गटातल्या एकाने जरी ‘नाही’ म्हटलं, तरी सगळ्यांनी मागे फिरायचं, कारण न विचारता.

सराव आमच्या नायमेखनजवळच्या बर्ग एन डालला केला. या गावाच्या नावाचा अर्थ ‘डोंगर आणि दरी’, पण प्रत्यक्षात पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांतच आटपेल एवढा चढ! प्रत्येकाच्या अंगावर बीकन नावाचा छोटा ट्रान्समीटर असतो, तो सतत संदेश सोडतो. कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपला बीकन शोधण्यावर लावायचा, लांब सळईने नेमकी जागा चाचपायची आणि फावड्याने उपसायचं. हे सगळं पहिल्या पाव तासात, कारण त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. आम्ही मंदारचा बीकन पालापाचोळ्यात पुरला आणि मी खाली वाकून शोधत सुटले. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी कोरोनाच्या नियमातल्या दीड मीटरवरूनच विचारलं, “काही हरवलंय का?”

“नवरा,” मी म्हणाले.

“मग सावकाश शोध,” म्हणून त्या पुढे गेल्या.

नायमेखनहून ऑस्ट्रियातलं टिरोल गाडीने एका दिवसात होतं. जर्मनीचे महामार्ग फुकट, पण ऑस्ट्रियासाठी टोलचा स्टिकर सीमेआधीच्या पेट्रोलपंपावर घ्या. त्या वर्षी दुकानांतही जाड एफएफपी-टू मास्क लागायचे, तेव्हा चार जास्तीचे ठेवले होते. उतरलो ते पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. न्याहारीला मिळणारे ब्रेड आणि चीज पहिल्या दिवशी छान लागले; दुसऱ्या दिवशी मी मेतकूट काढलं.

पहिला दिवस स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे, पायात घालून पडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमस्खलनाचं बुलेटिन पाहिलं. धोक्याची पातळी: तीन.

“पाचपैकी तीन!” केदार खूश. “साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास!”

आम्ही तिघंही हसलो. बाईंनी बजावलं होतं की तीन हा आकडाच माणसाला फसवतो, मधला वाटतो म्हणून. तरी हसलो. मग ठरलं की झाडीच्या टोकापर्यंत जायचं आणि पुढचं तिथे ठरवायचं.

झाडीतली वाट अप्रतिम होती. फांद्यांवरून बर्फ भुरभुरत होता आणि केदार मोठमोठ्याने जुनी ट्रेकची गाणी म्हणत होता. झाडी संपली तिथल्या सपाटीवर पायाखाली ‘वुम्फ’ असा दबका आवाज आला आणि बर्फाचा थर बोटभर खाली बसला; बाईंनी सांगितलेली धोक्याची खूण हीच. समोर मोकळा, चांगला तीव्र उतार. त्याच्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर वाटावं असं, केदारचं शिखर. उतारावरून आडव्या गेलेल्या कुणाच्या तरी खुणाही होत्या.

“ते गेलेच ना!” केदार म्हणाला. “एकेक करून जाऊ. मंदार?”

मंदारने उताराकडे पाहिलं, केदारकडे पाहिलं. “बघू.”

“मृणाल?”

“बघू या,” मी म्हणाले.

आता मराठी माणसाच्या ‘बघू’चा अर्थ काय हे काय सांगायला हवं? लग्नाच्या स्थळापासून उसन्या पैशांपर्यंत ‘बघू’ म्हणजे नाही. पण ज्याला होच ऐकायचंय त्याला ते होच ऐकू येतं. केदारने पट्टे आवळले आणि निघाला. दोन वर्षं वाट पाहिलेल्या मित्राचं मन कसं मोडायचं, या भिडेपोटी आम्ही दोघं गप्प उभे. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भिकेवरही भागणार नव्हतं.

“केदार, नाही!” मी ओरडले. “मी नाही म्हणतेय. आवाज ऐकलास ना? नाही म्हणजे नाही.”

तो उताराच्या कडेला थांबला. वळला तेव्हा चेहरा पडलेला. पण कारण त्याने विचारलं नाही. आमच्याच खुणांवरून आम्ही खाली आलो. खाली कुस्करलेलं गोड धिरडं आणि आलुबुखाऱ्याचा मुरंबा मागवला, एका ताटात तिघांचं पोट भरतं. केदारने दोन घास खाल्ले.

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही; मी खिडकीतून पाहत होते. कदाचित आम्ही सुखरूप पलीकडे गेलोही असतो. हे कधीच कळणार नाही, आणि बर्फात जाणाऱ्याने हे न कळणं पचवायला शिकलं पाहिजे. जाणार असाल तर कोर्स करा, वाटाड्या घ्या, आणि आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायचा सराव घरूनच करून निघा. मला तो बीकनपेक्षा अवघड गेला.

पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी केदार आमच्याकडे जेवायला आला. पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, “राग गेला का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “शिखर हवंच होतं मला. तुझ्यामुळे गेलं.”

एवढं बोलून त्याने ताट पुढे केलं, अजून एक पोळी मागितली. मी तिच्यावर तूप सोडलं, जरा जास्तच. मला वाटलं, रागावू दे, आयुष्यभर रागावू दे.