कपाटातली फाईल

सीट धरून ठेवायची तर ओरिजिनल कागद लागतात, असं तो माणूस म्हणाला आणि आबांनी फाईल त्याच्या हातात दिली. आबा म्हणजे माझे वडील. कळमनुरीकडच्या गोरेगावच्या माळावर मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला. तो माणूस एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचा. आमच्या घरी जेवला, आबांच्या पाया पडला. घरात जेवलेल्यावर शंका घ्यायची न्हाई, ही आबांची रीत. पण मी न सांगताच त्याने माझे मार्क सांगितले, तेव्हाच मला शंका आली होती. तरी तोंड शिवून बसले. स्वतःवरचा तो राग अजून जात नाही.

मला सरकारी विद्यापीठच हवं होतं. तिथली फी मेंढरं न विकता भरता आली असती. आणि नंबर लागलाही! शुक्रवारी पाचच्या आत ओरिजिनल घेऊन तिथं हजर व्हायचं, नाहीतर सीट गेली.

गुरुवारी आम्ही त्या खाजगी कॉलेजात फाईल मागायला गेलो. कारकून म्हणाला, कपाटाची चावी साहेबांकडं, साहेब गावाला गेलेत. शुक्रवारी सकाळी साहेब मीटिंगमध्ये होते, दुपारी जेवायला. दर वेळी आम्हाला बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. आबा पायरीवर बसून राहिले. विद्यापीठ तिथून दोन तासांवर. तीन वाजले तशी मी रडायला लागले. साडेपाचला तो माणूस हसत आला.

"काहून तकलीफ घेतली? हितं तुमची सीट पक्कीच हाय की."

मी त्याच कॉलेजात शिकू लागले. आबांनी निम्मी मेंढरं विकली.

दुसऱ्या वर्षी नवी पोरं कॉलेजात आणायला निघताना त्याने मला गाडीत घेतलं. आपल्या भागातली पोरगी सोबत दिसली की लोकांना भरवसा वाटतो म्हणे. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. डोंगरकडा गावात एका घरी गेलो. तिथली पोरगी सरकारी विद्यापीठाच्या यादीची वाट बघून राहिली होती. चहा झाला. तिच्या वडिलांनी पेटीतून फाईल काढली, याने हात पुढे केला.

"काका, ओरिजिनल देऊ नका," मी म्हणाले. "झेरॉक्स द्या."

फाईल परत पेटीत गेली.

येताना कळमनुरी आली तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडं बघितलं.

"तुझी फाईल आपल्याच कपाटात हाय ना?"

"व्हय," मी म्हणाले.