मेणातला तुकडा

मंचरला हायवेलगतच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, आमच्या मॅडमची पॅथॉलॉजी लॅब होती. मी तिथे कामाला लागले ते रिपोर्ट टाइप करायला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे स्पेलिंग चुकणार नाहीत, एवढीच मॅडमची अपेक्षा होती. मलाही तेच हवं होतं, कारण लोकांशी बोलावं लागणार नव्हतं. पुढे मॅडमनी अँटीबॉडी वापरून गाठींचे तुकडे रंगवायला सुरुवात केली आणि ते काम हळूहळू माझ्याकडे आलं.

काम शांत होतं. मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप काचेवर घ्यायचे, त्या काचा प्रेशर कुकरमध्ये उकळायच्या, मग त्यांवर अँटीबॉडीचे थेंब टाकायचे. अँटीबॉडी जी खूण शोधते ती पेशीत असेल तर तपकिरी रंग येतो. नसेल तर पेशी निळ्याच राहतात. कुकर साधा, भांड्यांच्या दुकानातला. शिट्ट्या ऐकून खालचा स्टेशनरीवाला विचारायचा, "आज काय, वरण का बटाटे?" मी हसून जिना चढायचे.

एका उन्हाळ्यात जवळच्या पेठ गावचं एक जोडपं आलं. काकूंची काही वर्षांपूर्वी स्तनाची गाठ काढली होती. आता फुफ्फुसात गाठ दिसली होती. पुण्यात सुई घालून तिचा तुकडा काढला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी मेणाचा ठोकळा देऊन त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. जुनाच आजार फुफ्फुसात गेलाय, की फुफ्फुसाचा हा वेगळाच, एवढं सांगायचं होतं. मॅडमनी त्यांना समजावलं, की जुना असेल आणि विशिष्ट खूण सापडली, तर आधी गोळ्यांवर भागू शकतं. फुफ्फुसाचा असेल तर पुन्हा केमोची सलाइन लावावी लागेल.

"सलाइन नको बया," काकू म्हणाल्या. "मागल्या येळी केस गेलं, त्याचं काय न्हाई. पर भाकरीची चव गेली. चुलीपुढं बसून रडायची मी."

काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. पुरचुंडी सोडली तर ठोकळ्याच्या मेणावर राखाडी पट्टे होते, आणि मधोमध अंगठ्याचा खळगा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भस्म हाय, मॅडम," काका म्हणाले. "पुण्याहून आनला आन् तसाच भीमाशंकरला नेला. म्हणलं, तपासाया द्यायच्या आदी देवापुढं ठिवावा. गुरवानं भस्म लावलं."

"बघ की गं पोरी," काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं म्हणतीया, मला भीमाशंकरला न्या. मला न्हाई नेलं. मपला तुकडा नेला!"

"तुला गाडी लागती घाटात."

"तुकड्याला न्हाई लागली व्हय?"

बाकावर बसलेले दोघेतिघे हसले. काकाही हसले, पण त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं. "काय चुकलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांना कळलं नसणार.

खरं तर अडचण मोठी होती. भस्मात बारीक खडे असतात. ते पात्याखाली आले की काप फाटतो. नेहमीसारखा वरचा थर तासून टाकावा, तर तुकडा शेवईच्या तुटक्या टोकाएवढा. तासण्यातच संपला असता. पुन्हा सुई घालायची तर काकूंना तेव्हाच दम लागत होता, तीन पायऱ्या चढून त्या थांबत होत्या.

मॅडमनी ठोकळा उजेडात धरून पाहिला. "तासू नकोस," त्या म्हणाल्या. "वितळव, धुऊन घे आणि परत बसव. तुकडा सपाट बसला पाहिजे."

मी मेण वितळवलं. राख तळाशी गेली. तुकडा चिमट्याने उचलून ताज्या गरम मेणातून काढला आणि साच्यात आडवा ठेवला. एक टोक सारखं वर येत होतं. मेण गोठेपर्यंत मी ते दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी पहिले काप फाटले. मग मोजकेच नीट आले. दोन प्रश्नांना पुरतील एवढे.

फुफ्फुसाची खूण शोधणाऱ्या काचेवर गाठीच्या पेशी निळ्याच राहिल्या. जुन्या आजाराची खूण शोधणाऱ्या दुसऱ्या काचेवर रंगाचे थेंब टाकून मी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. आधी काहीच नव्हतं. मग एकेक ठिपका तपकिरी होत गेला. मी मॅडमना हाक मारली, त्यांनी दोन्ही काचा सावकाश पाहिल्या आणि त्या जोडप्याला बोलावून घ्यायला सांगितलं.

"जुनाच आजार आहे," मॅडम त्यांना म्हणाल्या. "खूणही आहे. गोळी चालेल असं दिसतंय. पुण्याचे डॉक्टर सुरू करतील."

"म्हंजी जाईल?" काकूंनी विचारलं.

"जाणार नाही. पण दाबून ठेवता येईल. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही."

काकू उठून माझ्या टेबलापाशी आल्या. मग मला म्हणाल्या, "मला दाव की." मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी एक डोळा हाताने झाकून आत पाहिलं.

"ह्ये तपकिरी, त्येच का?"

"हो."

"लई हाईत गं," त्या म्हणाल्या. आणखी थोडा वेळ त्या तशाच वाकून पाहत राहिल्या. माझा हात त्यांच्या पाठीवर कधी गेला ते मला कळलं नाही. सहसा मी कुणाला हात लावत नाही.

काकांनी काचेत पाहिलं नाही. ते दाराशी उभे होते. "मॅडम," त्यांनी मला विचारलं, "गोळी जेवनाआदी द्यायची का नंतर?"

मला माहीत नव्हतं. मी मॅडमना विचारून येते म्हणाले आणि आत गेले.