वरून सोडलेला थेंब

पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा कानात. तिसरा कसाबसा डोळ्यात गेला.

कंपोंडर दवाखान्याच्या ओट्यावर उभा. मी खाली पायरीवर, मान मागं टाकून. हातभर उंचीवरून तो औषध सोडायलाय अन् स्वतःचं तोंड दुसरीकडं. नेम लागणार कसा? ओट्यावर गावातली माणसं रांगेनं बसलेली. एकजण म्हणला, "कानाचं दुखणं बरं व्हायलंय तिचं." सगळे हसले.

"ए, नजर खाली कर. माझ्या डोळ्यात बघू नको," कंपोंडर म्हणला.

मी त्याच दवाखान्यात कामाला होते. झाडलोट, बाटल्या धुणं, सुया उकळणं. तीन वर्षं मी उकळलेल्या सुया तो माणसांना टोचत होता. सुयांचा विटाळ कुणाला झाला न्हाई. माझ्या पापणीचा मात्र त्याला होणार होता. लय संताप आला. पण डोळे मिटून बसून राहिले.

आमचं गाव सोनपेठच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. नामांतराच्या येळी आमच्या वस्तीतली घरं पेटवली, त्याला चार-पाच वर्षं झाली होती. घरांवर नवे पत्रे आले, गावाची रीत तीच राहिली. आमाला पाणी वरून, चहा वरून, आता औषध बी वरून. बाटल्यासुद्धा दोन केलेल्या. गावाची बाटली टेबलावर, वस्तीची खिडकीत.

त्या साली डोळ्याची साथ लय मोठी होती. सकाळी पापण्या चिपडानं चिकटलेल्या असायच्या. डोळ्यात वाळू गेल्यावानी खुपायचं. गावात सगळे म्हणायचे, नजरेनं येतंय. म्हणून जो तो गॉगल लावून हिंडायचा, नाहीतर भिंतीकडं तोंड करून बसायचा.

आमच्यासारख्या दवाखान्यातल्या कामवाल्या बायांना एकदा सोनपेठच्या मोठ्या दवाखान्यात बोलवलं होतं. तिथल्या सिस्टरनं सांगितलेलं मी शब्दन् शब्द ध्यानात ठिवलं होतं. डोळे बघितल्यानं येत न्हाईत. हातानं येतेत, पंच्यानं येतेत, उशीनं येतेत. चोळायचं न्हाई. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवायचा, नाकाकडून कानाकडं पुसायचं, तो बोळा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. घडीघडी साबणानं हात धुवायचे. औषधाच्या नळीचं टोक डोळ्याला लावायचं न्हाई. आठ-दहा दिवसात आपोआप उतरतंय. लय ठणकलं, उजेड सोसंना, अंधुक दिसाय लागलं, तर मात्र वेळ न घालवता परभणीला न्यायचं.

वस्तीत मी घरोघर हिंडून हे सांगितलं. माझी सासू कुरकुरली. "दर माणशी येगळं फडकं? फडके काय झाडाला लागतेत का?" मी तिचंच जुनं लुगडं फाडलं अन् तुकडे वाटून टाकले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई.

तिकडं कंपोंडर गावातल्या माणसांची लय निगा राखायचा. जवळ घ्यायचा, हनुवटी धरायचा, काचेच्या नळीचं टोक पापणीला टेकवून हळूच थेंब सोडायचा. मग तीच नळी परत बाटलीत. मग पुढचा माणूस. एक लाल डोळा घेऊन आलेला माणूस तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे लाल करून यायचा.

झाडता झाडता मी हे बघितलं अन् हातातला झाडू थांबला. आमाला शिवायचं न्हाई म्हणून आमची बाटली चोख राहिली होती. गावाला मायेनं हात लावून हा बाबा घरोघर साथ पोचवायलाय. हसावं का रडावं, काही कळंना.

मी म्हणलं, "साहेब, टोक डोळ्याला लावू नका. तुमीच साथ वाटायलाव."

"तू मला शिकवणार? तुला झाडायला ठेवलंय. झाड."

मी झाडलं. त्याची लाज आजबी वाटते.

दहा-बारा दिवसात वस्तीचे डोळे उतरले. गावाचे वाढतच चालले. गावानं बाटलीकडं बघितलं न्हाई, आमच्याकडं बघितलं. यांचे बरे कसे झाले? यांनीच काहीतरी करून आपल्यावर ढकललं असणार. आमी पाणी भरायचो त्या हापशावर पाटील येऊन सांगून गेला, "साथ सरंस्तोवर वस्तीनं हिकडं पाण्याला फिरकायचं न्हाई." कंपोंडर बाजूलाच उभा होता.

आमाला ओढ्याचं पाणी राहिलं. म्हशी बसतेत ते. हात धुवा, हात धुवा म्हणून ज्यांच्यामागं लागले होते त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगू? चार दिवसात दोन लेकरांचे डोळे पुन्हा चिकटले.

पाचव्या दिवशी कंपोंडरचेच डोळे आले. तो घरी पडून. दुपारी दवाखान्याच्या मागच्या दारानं पाटलीणबाई आली. एकटीच, डोळ्यावर पदर.

"वस्तीची बाटली हाय का? तिचा गुण येतोय म्हणतेत."

"हाय."

ती खाली पायरीवर बसली. मी ओट्याखाली बसले होते तशीच. मान मागं टाकली. "हात लावू नको. वरूनच सोड."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी बाटली उचलली, नळी भरून घेतली, हात वर नेला. खाली तिचा सुजलेला डोळा, पापणीला पिवळं चिपड. नेम चुकवायला मला काहीच लागणार नव्हतं. मग माझीच मला किळस आली. मी त्या कंपोंडरसारखी उभी होते. हात खाली घेतला.

म्हणलं, "पाटलीणबाई, गुण बाटलीत न्हाई. घरात सगळ्याजणी एकाच डबीतलं काजळ घालता, ते बंद करा. टावेल येगळा करा, उशी येगळी करा. अन् औषध घालायचं तर पापणी धरावी लागती. मी धरीन. साबणानं हात धुऊन धरीन. पण ते पाणी हापशाचं लागल. ओढ्याच्या पाण्याचा हात मी कुणाच्या डोळ्याला लावणार न्हाई."

"लय शेफारलीस," ती म्हणली. भिंत चाचपत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली अन् साबण घेऊन निघाले. सासू म्हणली, "नोकरी जाईल."

"जाऊ दे."

हापशावर गावातले चारजण उभे होते. एकजण म्हणला, "पाटलानं न्हाई म्हणलंय ना?" मी दांडा मारला. साबण लावला. कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत, त्यांच्यासमोर, सावकाश हात धुतले. मग मान वर केली अन् एकेकाच्या डोळ्यात बघितलं. चौघांनी माना फिरवल्या. मागून सासू येत होती, तिच्या काखेत घागर.

तवापास्नं वरून सोडलेलं मी काही घेतलं न्हाई. पाणी न्हाई, चहा न्हाई, औषध न्हाई. अन् वरून कुणाला देणारबी न्हाई. ज्याला माझ्याकडून पाहिजे, त्यानं माझा हात लागू द्यावा.