मायनं मांडलेले पाच धोंडे

गंगाखेडच्या मोटारीतून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसानं मला जिनिंगच्या फाटकातच गाठलं. म्हणाला, "केशव गुरुजी गेले. कावीळ झालती म्हनं. तुमाला कळलं न्हाई का?" मी तिथंच कापसाच्या गाठीवर बसलो. जवळचं माणूस गेलं की रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला. म्हटलं, गेलास? न बोलताच गेलास? एक गोष्ट त्याला चार माणसांत उभं राहून सांगायची होती. 'सांगतो, सांगतो' म्हणत त्यानं वर्षं काढली. बाप गेल्यावर ती गोष्ट ठाऊक असलेली माणसं तीनच उरली होती. माझी माय, केशव आणि मी. माय आधीच गेली. आता हा गेला... आणि मी एकटा उरलो. मेल्या माणसाचं वाईट बोलू नये हे मलाही कळतं, पण खोटं तरी किती दिवस पोसायचं?

केशव आणि मी एका शाळेत उर्दू गिरवलेली माणसं. तो कुलकर्ण्याचा, मी धनगराचा. मला चौथीनंतर मेंढरांमागं जावं लागलं, तो शिकत राहिला, पण दोस्ती काही सुटली नाही. रझाकारांच्या दिवसांत त्याचं नाव कुणीतरी वर कळवलं, तेव्हा तो घरी न जाता सरळ आमच्या वाड्यावर, म्हणजे डोंगरातल्या मेंढरांच्या मुक्कामाला आला. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या एका घळीत झरा आहे. भर उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात वाळू उडते, तेव्हाही हा झरा करंगळीएवढा का होईना, वाहतो. त्याच्या काठी केशव आमच्यात राहिला. मायनं त्याला घोंगडं दिलं, खांद्यावर कोकरू दिलं. एकदा बंदूकवाले आले, हा कोण म्हणून विचारू लागले. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "माजा थोरला हाय. जल्माचा मुका हाय." ते हसून निघून गेले. ते गेल्यावर केशव मायच्या पायांशी ढसाढसा रडला होता.

हैदराबाद मोकळं झालं आणि केशव मास्तर झाला. मास्तर कसला, वेडा पीर! त्याच्या डोक्यात एकच किडा. पोरांना स्वतःचा मुलुख पायी दाखवायचा. आमच्या कोपीत, म्हणजे कडब्याच्या झोपडीत, बसून आम्ही दोघांनी अख्ख्या वर्षाचा बेत आखला. थंडीत परभणीचा उरूस, चारठाण्याची जुनी देवळं, वालूरच्या बारवा, उन्हाळ्यात पहाटे गोदाकाठ. त्याला पुस्तकातलं सगळं ठाऊक, ओढ्याला पाणी कधी चढतं हे मात्र ठाऊक नाही. "श्रावणात नदीपल्याड जाऊ," म्हणाला. मी म्हटलं, "पोरं परत आनायची हायत का गोदामायला वाहायची हायत?" असा हसला की मेंढरं बिचकली. मार्गशीर्षाला येऊन मात्र तो अडला. त्याला पोरांना आमची येळवस दाखवायची होती.

घाटाकडच्या वाचकांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच धोंडे मांडायचे, चुना-काव लावायची, त्यांना पांडव म्हणायचं, भज्जीचा, म्हणजे भाज्या-शेंगांच्या मिसळीचा, आणि ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीचा निवद दाखवायचा. दरसाल धोंडे रानातूनच वेचायचे. आमचं वावर झऱ्याला लागून, म्हणून माय झऱ्याकाठीच कोप घाली. मी केशवला म्हटलं, "पोरं आन, पोटभर जेवू घाल. पन झऱ्याचं नाव कुटं काढू नको. त्यो मेंढरांचा हाय." त्यानं माझ्या गळ्याची शपथ घेतली. माझ्या गळ्याची, बरं का, स्वतःच्या नाही!

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली नवे साहेब दौऱ्यावर आले. जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, वर्षाचा कार्यक्रम करून द्या, म्हणाले. केशवच्या हातात तो तयारच! आणि एका सकाळी बघतो तर काय, केशव साहेबाला घेऊन घळ चढायलाय. येळवस नुकतीच झालेली. कोप वाऱ्यानं पडली होती, धोंडे तेवढे उघड्यावर पांढरेशुभ्र बसलेले. साहेबानं विचारलं, "हे काय?"

"पांडव," केशव म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

साहेबानं पायांतले बूट काढले. "म्हणजे पांडव इथे राहून गेले?"

मी केशवकडं बघितलं. त्याच्या पोटात त्याच धोंड्यांपुढची भज्जी अजून जिरली नसेल. त्यानं माझी नजर चुकवली, झऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "असं म्हणतात, साहेब."

झालं! त्या तीन शब्दांनी आमचा डोंगर खाल्ला. छापील कार्यक्रमात मार्गशीर्षापुढं 'पांडवझरा' आला. जत्रा भरू लागली. कमिटी झाली, केशव तिचा चिटणीस. मेंढरांच्या लेंड्यांनी देवाची जागा विटाळते म्हणून काटेरी तार आली आणि 'जनावरांस मनाई' अशी पाटी. मी त्याच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मल्हारी, आरं या डोंगराला कुत्रं विचारत नव्हतं. देव हाय म्हनल्यावर सडक यायलीय. सडक होऊ दे, मग मीच सांगतो." सडक आली. त्या उन्हाळ्यात बाप तहानलेला कळप घेऊन दूर अहमदपूरकडं गेला आणि पावसाळ्यात नुसती काठी घेऊन परतला. माय म्हणाली, "मी त्याला मुका म्हनले होते रं. लेकरानं खरंच करून दाखवलं."

तरी ती गेली तेव्हा केशव आला. पोटच्या पोरासारखा रडला, खांदाही दिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "येत्या जत्रंत उभा राहून सांगतो. मायची आण." मी विश्वास ठेवला. लय जीव होता माझा त्याच्यावर, काय करू? अजूनही आहे, तीच तर रड आहे. माझ्या पोराला शाळेत त्यानंच घातलं, मला दुरुस्त मराठी लिहायला त्यानंच शिकवलं. आणि त्याच मराठीत मी आज हे त्याच्यावर लिहितोय.

त्याची शोकसभा झऱ्यावरच झाली. सगळे त्याचे गुण गायले, पांडवांचं ठाण त्यानं कसं उजेडात आणलं ते सांगितलं. मी सगळ्यात जुना मित्र, म्हणून मलाही उभं केलं. आमची मेंढरं गेली ती गेली, पण बाकीच्यांचे कळप अजून त्या डोंगरात आहेत, तारेपाशी येऊन ओरडतात. मी सांगून टाकलं. "हे देव न्हाईत. हे धोंडे माज्या मायनं ह्याच वावरातून वेचले. येळवशीला मांडले. म्या सोता चुना लावला. केशवला समदं ठावं होतं."

मला वाटलं, आता मारतात. तेवढ्यात एक म्हातारी उठली, काठी टेकत माझ्याजवळ आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "म्हंजी पांडव तुज्या मायच्या हातून बसले? धन्य ती माउली!" मग काय, लोक उठलेच. कमिटीचे अध्यक्ष तर हात जोडून पुढं आले. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की पाचांशेजारी सहावा धोंडा बसवायचा, माझ्या मायच्या नावानं, कुंतीमाय म्हणून. कुणीतरी एक धोंडा उचलूनही आणला आणि चुन्याचं मडकं माझ्या हातात दिलं.

मी मडकं खाली ठेवलं. म्हटलं, "तार काढा. मेंढरांना पानी पिऊ द्या."

कुणाला ऐकू गेलं नाही. आरती सुरू झाली होती.